इल्मासाठी दिलेले घर

सन ११५४ मध्ये सिसिली बेटावर, रॉजर राजाच्या दरबारात, अल-इद्रीसी या अरब भूगोलकाराने जगाचे वर्णन करणारा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्या ग्रंथात आपले ठाणे आहे. मोठ्या खाडीवरचे देखणे शहर, जहाजे जिथे नांगर टाकतात आणि जिथून पुढे निघतात, असे त्याचे वर्णन येते. आजूबाजूच्या डोंगरांत बांबू आणि तबाशीर मिळते आणि इथला माल पूर्वेकडे व पश्चिमेकडे रवाना होतो, असेही तो लिहितो. इद्रीसी स्वतः हिंदुस्थानात कधी आला नव्हता. जुन्या ग्रंथांतून आणि प्रवाशांच्या, व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने ही माहिती गोळा केली. तरीही एक बारकावा त्याने टिपून ठेवला आहे. तबाशिरात हस्तिदंताची राख मिसळून भेसळ केली जाते, असे तो सांगतो.

तबाशीर म्हणजे आपले वंशलोचन. बांबूच्या पेरात साचणारा पांढुरका, निळसर झाक असलेला खडा. तापावर, खोकल्यावर, पोटातील दाहावर हकीम आणि वैद्य दोघेही ते देत आले. युनानी दवाखान्यात कुर्स-ए-तबाशीर आजही मिळते. म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या बंदरातून औषध जगभर जात होते आणि त्याबरोबर औषधाची भेसळही जात होती. खरे तबाशीर कोणते आणि राख कोणती, हे ओळखायचे कसे? अत्तार ते नजरेने आणि जिभेने ओळखी. पण नजर त्या अत्ताराबरोबर कबरीत जाते. ती ओळख लिहून ठेवली, दुसऱ्याने पडताळून पाहिली, तिसऱ्याला शिकवली, तरच तिचे शास्त्र होते. हे काम दुकानात होत नाही. त्यासाठी वेगळी जागा लागते. अशा जागेला कुणी मदरसा म्हटले, कुणी बीमारिस्तान, कुणी कॉलेज. आम्हाला या लेखात या जागांविषयी बोलायचे आहे, कारण ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि भिवंडीच्या आपल्या आजच्या प्रश्नांशी त्यांचा थेट संबंध आहे.

मुस्लिम समाजात विज्ञानाच्या इतिहासाचा विषय निघाला की नावांची एक यादी वाचली जाते. जाबिर, राझी, इब्न सीना, बिरूनी. यादी खोटी नाही. राझीने देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे लक्षणांसह मांडून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पदार्थांची प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज अशी विभागणी करून त्याने रसायनविद्येला शिस्त दिली. बिरूनीने आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात ठाण्याला कोकणाची राजधानी म्हटले आहे, आणि उतारवयात त्याने औषधद्रव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात एकेका द्रव्याची वेगवेगळ्या भाषांतील नावे दिली आहेत. पण ही माणसे आकाशातून पडली नव्हती. राझी रुग्णालयाचा प्रमुख होता. त्याच्याभोवती शिष्य होते, रुग्ण होते, नोंदी होत्या. यादी वाचताना आपण माणसांची नावे घेतो आणि त्यांना उभे करणाऱ्या संस्थांना विसरतो.

इद्रीसीचा ग्रंथ ज्या वर्षी पूर्ण झाला, साधारण त्याच सुमारास दमास्कसमध्ये सुलतान नूरुद्दीन झंगीने नूरी बीमारिस्तान उभारले. तिथे रुग्णांवर उपचार होत आणि वैद्यकाचे शिक्षणही दिले जाई. पुढच्या शतकात तिथे शिकवणारा हकीम अद-दख्वार १२३० साली वारला. मरण्यापूर्वी त्याने आपले राहते घर वक्फ करून टाकले होते. त्या घरात फक्त वैद्यक शिकवले जाईल असा मदरसा चालावा, ही त्याची इच्छा. आपल्या मनात मदरसा म्हटले की एकच चित्र उभे राहते. तेराव्या शतकातल्या दमास्कसमध्ये मात्र वैद्यकाचा मदरसा होता आणि तो एका हकिमाच्या घरात होता.

दमास्कसच्या याच परंपरेत तयार झालेला इब्न अन-नफीस पुढे कैरोत गेला. १२४२ साली, वयाच्या तिशीत, त्याने इब्न सीनाच्या ‘कानून’मधील शरीररचनेच्या भागावर टीका लिहिली. हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्रे असून त्यातून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे गॅलेनपासून सगळे मानत आले होते. इब्न अन-नफीसने साफ सांगितले की त्या पडद्यात वाट नाही, रक्त फुफ्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येते. युरोपात विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा ग्रंथ छापला तो १६२८ साली. इब्न सीनाविषयी इब्न अन-नफीसला किती आदर होता हे वेगळे सांगायला नको, त्याने त्याच्याच ग्रंथावर टीका लिहिली. पण आदर आणि पडताळणी यांची त्याने गल्लत केली नाही. १२८८ साली तो वारला तेव्हा त्यानेही आपले घर आणि सारी पुस्तके कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकली. गुरूच्या पिढीने एक घर दिले, शिष्याच्या पिढीने दुसरे.

तबाशीर मात्र आपल्या वाटेने फिरतच राहिले. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानी औषधांवरील ग्रंथ छापला गेला, त्यातही त्याचे प्रकरण आहे. ओर्ताचा अहमदनगरच्या बुरहान निजामशहाच्या दरबारी राबता होता, तिथल्या मुसलमान हकिमांशी त्याच्या चर्चा होत. कल्याण त्या काळी निजामशाहीत होते आणि ठाण्यात पोर्तुगीज होते. पुढे १७९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध वाचला गेला. पॅट्रिक रसेल या डॉक्टरने हिंदुस्थानातून तबाशिराचे नमुने पाठवले होते, त्यांतले काही हैदराबादच्या बाजारातले होते. जेम्स मॅसी नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते तापवले, आम्लात टाकले, क्षारांबरोबर वितळवले. निष्कर्ष असा की तबाशीर हा बहुतांशी गारगोटीच्या जातीचा, म्हणजे सिलिकाचा पदार्थ आहे. गवताच्या जातीची वनस्पती जमिनीतून गारगोटी शोषून पेरात साठवते, हे तेव्हाच्या विद्वानांना नवल वाटले. हस्तिदंताची राख आम्लात विरघळते, सिलिका विरघळत नाही. इद्रीसीने नोंदवलेली भेसळ ओळखण्याची वाट आता कुणाही विद्यार्थ्याला मोकळी झाली. याच मॅसीने पुढे स्मिथसन हे नाव लावले आणि आपली संपत्ती ज्ञानप्रसारासाठी अमेरिकेला दिली. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था त्यातून १८४६ साली उभी राहिली.

म्हणजे माल आपला, बाजार आपला, हकीम आपले, आणि परीक्षा लंडनला. यात इंग्रजांची लबाडी शोधण्याचे कारण नाही. त्या शतकात पडताळणीची जागा तिकडे होती, इकडे ती उरली नव्हती. नूरी बीमारिस्तानसारखे घर आपल्या कोकणपट्टीत कुणी उभे केले नव्हते.

ते घर मुंबईत उभे राहिले १८४५ साली. त्याआधी १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक संस्था मुंबईत सुरू झाली होती, पण सरकारने ती १८३२ साली बंद केली. मग गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाने मेडिकल कॉलेज निघाले आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या लाखभर रुपयांच्या देणगीतून शेजारीच रुग्णालय झाले. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांतले भाऊ दाजी सर्वांना ठाऊक आहेत. दुसरे आत्माराम पांडुरंग. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी राहिलेल्या या डॉक्टरांनी उमेदीच्या काळात भिवंडीत देवीची लस टोचण्याचे काम केले. कॉलेजात शिकलेली विद्या आपल्या भागात सर्वप्रथम आली ती अशी. रेल्वे ठाण्याला पोहोचली १८५३ मध्ये आणि कल्याणला १८५४ मध्ये. डॉक्टर त्याच्या थोडे आधीच आला होता.

या कॉलेजात रसायनशास्त्र वैद्यकाचाच भाग होते. तिथले रसायनाचे प्राध्यापक हर्बर्ट जिरॉड हेच मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षकही झाले. विषप्रयोगाचा संशय असलेले नमुने त्यांच्याकडे तपासायला येत. वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारातील औषधांची यादी प्रसिद्ध केली. विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ काढला. फारसीतील ‘मख्ज़न अल-अदविया’ हा युनानी औषधकोश डायमॉक वारंवार आधाराला घेतात. हकिमांचे ज्ञान कॉलेजात पोहोचले होते. हकिमांची मुले मात्र फार कमी पोहोचली. हे दुःख आपण नीट समजून घेतले पाहिजे.

कल्याणची एक मुलगी मात्र पोहोचली, आणि तीही मुंबईच्या नव्हे तर थेट अमेरिकेच्या कॉलेजात. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पुरुष डॉक्टरपुढे बोलायला स्त्री लाजते आणि त्यापायी जीव जातात, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. १८८३ साली त्या जहाजात बसल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. परत आल्यावर क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले, वय बाविशीच्याही आत. त्यांना आपण हिंदू समाजाच्या सुधारणेच्या इतिहासात ठेवतो आणि पुढे जातो. पण पडद्यातल्या बाईला बाईच डॉक्टर हवी, हा आनंदीबाईंचा मुद्दा मुस्लिम घरांना जास्तच लागू होता. दहा वर्षांतच त्याचा पुरावा मिळाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. कल्याण स्थानकावर उतारूंना उतरवून त्यांची तपासणी सुरू झाली. काखेत, जांघेत गाठ आहे का हे पाहायचे असे. पुरुष बायकांना हात लावतात, या नुसत्या कल्पनेने घराघरांत संताप पसरला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा विणकराच्या घरातील आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली, माणसे मेली. ही माणसे अडाणी होती म्हणून दंगल झाली, असे म्हणणे सोपे आहे. पण सरकारने विद्या पाठवली ती शिपायाच्या हातून, आणि विश्वासाचे माणूस बरोबर दिले नाही.

त्याच शहरात, त्याच साथीत, दुसरीही गोष्ट घडली. वाल्देमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका प्रयोगशाळेची जागा मिळाली होती. तिथे त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. काही कैद्यांना लस दिली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांतील आजारी व मृत मोजले. मोजणे हेच कॉलेजाचे शिक्षण. पण लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा विशीतल्या तरुण आगाखानांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळला गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. दमास्कसच्या हकिमाने जे केले होते तेच मुंबईत एका मुसलमान पुढाऱ्याने केले. इल्मासाठी घर दिले आणि स्वतःचा दंड पुढे केला.

विसाव्या शतकात हकिमी आणि रसायन यांची एकदा फार सुंदर गाठ पडली, आणि तिचे दुसरे टोक मुंबईत आहे. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजचे उद्‌घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले. अजमल खान यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांना तिथे संशोधनासाठी बोलावले. अस्रोल, म्हणजे सर्पगंधा, वेडावरचे औषध म्हणून हकीम वापरत. सिद्दीकींनी १९३१ साली तिच्या मुळातून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधा वापरून त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. त्यानंतर साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून रेसर्पिन मिळाले. हकिमाची मुळी, मुसलमान रसायनशास्त्रज्ञ, पारशी डॉक्टर, आणि मध्ये दोन कॉलेजे. यांतली एक कडी निखळली असती तर सर्पगंधा अत्ताराच्या डब्यातच राहिली असती. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेली सिपला ही त्याच पिढीची दुसरी कहाणी. बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून आलेल्या अलीगढच्या माणसाने औषधांचा देशी कारखाना काढला. त्याच कंपनीने त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांच्या काळात, २००१ साली, एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला.

आता आपल्या भागाकडे वळू. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. यूडीसीटी या नावाने दोन पिढ्यांनी त्याला ओळखले, आज ते माटुंग्याचे आयसीटी आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची वसाहत उभी राहिली, आणि या विभागात शिकलेल्या अनेकांनी इथे कारखाने काढले. डॉ. केकी घरडा त्यांतले ठळक नाव. परदेशी कंपन्या महागात विकत असलेली शेतीची रसायने त्यांनी स्वतःच्या पद्धतीने स्वस्तात तयार केली, त्यांचा कारखाना डोंबिवलीत वाढला. कॉलेजातून कारखान्यात विद्या कशी जाते याचा हा चांगला नमुना.

पण विद्येशिवाय नुसते रसायन गेले की काय होते, हेही डोंबिवलीनेच पाहिले. २०१४ साली तिथे हिरवा पाऊस पडला. २०२० साली रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ रोजी एका कारखान्यात स्फोट होऊन १२ जण मेले, दोन-तीन किलोमीटरपर्यंतच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी पुन्हा रिअॅक्टरचा स्फोट झाला आणि दहाहून अधिक जीव गेले. ड्रमवर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही असा कामगार, आणि वाचता येते पण सांगत नाही असा मालक, या दोघांच्या मधल्या जागेत स्फोट होतात. कंत्राटी कामगार म्हणून या वसाहतींत राबणाऱ्यांत कल्याणची, मुंब्र्याची, भिवंडीची आपली पोरेही आहेत. इद्रीसीच्या काळी आपण डोंगरातून तबाशीर वाहून आणत होतो, आज ड्रम वाहतो. आत काय आहे हे तेव्हाही दुसऱ्याने सांगायचे, आजही दुसऱ्यानेच.

वैद्यकाच्या बाबतीतही तेच. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि लस न घेतलेली लहान मुले दगावली. ज्या आजाराला राझीने हजार वर्षांपूर्वी वेगळे ओळखले, ज्या भिवंडीत कॉलेजचा पहिला डॉक्टर लस घेऊन आला, तिथे हे व्हावे याचा विचार आपण करायला नको का? अविश्वास होता, दवाखाना दूर होता, दारावर येणारी माणसे परकी वाटत होती. ही कारणे खरी आहेत. १८९८ सालीही तीच होती.

सच्चर समितीने २००६ साली सांगितले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि शाळेच्या वयाची जेमतेम तीन टक्के मुले मदरशांत शिकतात. म्हणजे दोष मदरशाला देऊन सुटका नाही, बाकीची मुले शाळेतूनच गळतात. ती गळतात कुठे? आमच्या पाहण्यात बहुतेक दहावीनंतर, विज्ञानाच्या दाराशी. संस्था नाहीत असे नाही. भिवंडीत कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी १९२७ पासून काम करते आहे, मुलींचे कॉलेज चालवते आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे युनानी मेडिकल कॉलेज आहे. कळव्याला १९९२ पासून महापालिकेचे मेडिकल कॉलेज आहे. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला कॉलेज सर्वांना खुली आहेत. कमी आहे ती दोन-अडीच खोल्यांच्या घरातून त्या दारापर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या मदतीची.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. दख्वारने घर दिले, इब्न अन-नफीसने घर आणि पुस्तके दिली, आगाखानांनी बंगला दिला. आपल्या ठाणे जिल्ह्यात वक्फच्या मिळकती आहेत, मोहल्ल्यामोहल्ल्यात जमातखाने आणि हॉल आहेत, ते लग्नांच्या तारखा सोडल्या तर रिकामे असतात. त्यांतल्या एकेका जागेत अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी रात्री अकरापर्यंत दिवा जळू द्या. एका कपाटात रसायनाची पुस्तके, दुसऱ्यात परीक्षानळ्या, तराजू आणि साधी आम्ले ठेवा. विज्ञानात पदवी घेतलेल्या आपल्या मुलींना मानधन देऊन शिकवायला बसवा. त्याच खोलीत महिन्यातून एकदा मोहल्ल्यातली डॉक्टरीण येऊन आयांशी लसीबद्दल बोलू दे. डोंबिवलीला कामाला जाणाऱ्या मुलांना ड्रमवरची चिन्हे वाचायला तिथेच शिकवता येईल. पहिल्या रात्री फळ्यावर प्रयोग मांडायचा असेल तर तोही हाताशी आहे. अत्ताराकडून दहा रुपयांचे तबाशीर आणावे, आम्लात टाकावे, आणि काय विरघळले, काय उरले ते मुलांनीच वहीत लिहावे.